लाईटच्या टोपीची टेस्ट आपल्या मेडिकल कॉलेजात करा, पेशंटच्या खिशातून नको

प्रति,
मराठवाड्यातल्या सगळ्या शासकीय मेडिकल कॉलेजांचे डीन, आणि तिथले मेडिसिन, मानसोपचार, फिजिओथेरपी विभागातले सगळे डॉक्टर

सर, मॅडम, नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लातूर, रेणापूर, अंबाजोगाई, अहमदपूर या पट्ट्यात घरोघरी जाऊन लकव्याच्या पेशंटचा व्यायाम घेतो. तुमच्या वॉर्डातून डिस्चार्ज झाला की पेशंट माझ्यासारख्यांच्या हाती येतो, म्हणून तुम्हाला ओपीडीत जे दिसत नाही ते आम्हाला घरात, बाजेवर दिसतं.

हे पत्र एका मशीनबद्दल आहे. डोक्यावर घालायची टोपी, तिच्यात आतून बारीक बारीक एलईडी लावलेले, चालू केली तरी डोळ्याला जवळपास काहीच दिसत नाही कारण तो लाईट इन्फ्रारेड असतो, आणि विकणारे सांगायलेत की हा लाईट कवटीतून आत जातो अन् मेंदूच्या झोपलेल्या पेशी उठवतो. आधी हे मुंबई-पुण्याचं ऐकू यायचं, आता आपल्याकडं मोबाईलवर जाहिराती यायल्यात, शिबिरं व्हायलीत, काही ठिकाणी तर खुर्चीत बसवून सिटिंगवर पैसे घ्यायलेत. लकवा, पार्किन्सन, म्हाताऱ्या माणसाचं विसरणं, डिप्रेशन, लहान लेकराचा ऑटिझम, सगळ्याला तीच टोपी.

माझं म्हणणं एकच आहे. या लाईटमध्ये काहीतरी असू शकतं, अन् ते आहे का नाही हे तपासायचं काम तुमचं आहे, आणि तपासणीचा खर्च पेशंटनं करायचा नसतो. आज आपल्याकडं प्रयोग पेशंटवर चाललाय, पैसे बी पेशंटच देतोय, अन् त्या प्रयोगाचं काय झालं हे कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. हे बंद व्हायला पाहिजे, आणि बंद करायचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे तुम्ही स्वतः नीट ट्रायल घ्या.

मी का इतका पेटलोय ते सांगतो. रेणापूर तालुक्यातल्या एका घरी मला परत बोलावलं, मामा साठीच्या आसपासचे, उजव्या अंगावरून वारं गेलेलं, वाचा बऱ्यापैकी परत आलेली. आधी माझ्याकडं त्यांचा व्यायाम चालू होता, उठून उभं राहायला लागले होते, काठी घेऊन अंगणापर्यंत जायचे. मग पुण्यातल्या पोरानं टोपी आणली. सोयाबीनची आडतीवरची पट्टी आली होती, ती त्याच्यात गेली, वर थोडी उचल. अन् पोरगं म्हणालं आता मशीन काम करतंय तर व्यायामवाल्याला कशाला पैसे द्यायचे, त्यात त्याचीही चूक म्हणता येत नाही, त्याला सांगितलंच तसं होतं. मी परत गेलो तेव्हा उजव्या हाताची मूठ इतकी घट्ट आवळलेली की उघडायला मला बराच वेळ लागला, आधी मनगट खाली वाकवायचं, मग अंगठा बाजूला घ्यायचा, मग एक एक बोट. आत तळहातावर नखांचे खड्डे, बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी ओलसर झालेली, वास येत होता. खांदा पण खाली उतरलेला, हात नुसता लोंबकळत होता. मामी म्हणाल्या, "रोज सकाळ-संध्याकाळ टोपी घालायलाव की, एक दिस बी चुकवला न्हाई."

मी टोपी हातात घेऊन बघितली. टीव्हीचा रिमोट मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की पुढचा बल्ब जांभळट चमकताना दिसतो, डोळ्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतो, तसंच टोपी कॅमेऱ्यासमोर धरली. एका बाजूच्या दोन ओळी पेटतच नव्हत्या. किती दिवसांपासून ते कुणाला माहीत, डोळ्याला दिसायचा प्रश्नच नाही. खोक्यावर लाईट किती नॅनोमीटरचा (म्हणजे कुठल्या लहरीचा), किती पॉवरचा, काही नाही, लायसन नंबर नाही, अन् मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत लिहिलेलं की हे उपकरण कोणत्याही आजाराचं निदान किंवा उपचार करण्यासाठी नाही. तोंडानं सांगताना लकवा बरा होतो, अन् कागदावर उपचारासाठी नाही. मामींना इंग्रजी वाचता येत नाही. मामांच्या डोक्याला तर रोज खोबरेल तेल, केस दाट, त्याच्यावरून टोपी.

आता विज्ञानाचं बघू, कारण ही सगळीच बंडलबाजी आहे असं मी म्हणत नाही, अन् तसं म्हटलं तर ते खोटं होईल.

लाईट कवटीतून आत जातो का? जातो. कोरोनात घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला होता, त्याच्यात एक लाल लाईट असतो ६६० नॅनोमीटरच्या आसपासचा आणि एक न दिसणारा इन्फ्रारेड ९४० च्या आसपासचा, दोन्ही बोटातून आरपार जातात म्हणून तर आकडा येतो. साधारण ६५० पासून पुढं हजारच्या वरपर्यंतचा लाईट रक्त अन् पाणी कमी शोषतं, त्यामुळं तो मांसात, हाडात खोल शिरतो. १९७७ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी 'सायन्स' या मासिकात दाखवलं की असा लाईट डोक्यातून पार करून मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज घेता येतो. त्याच्यावरून पुढं मेंदूचं काम मोजायच्या मशीन निघाल्या, त्या आज जगभर वापरतात.

पण मेंदूची खबर बाहेर आणायला चिमूटभर लाईट पुरतो, अन् मेंदूत काही बदल घडवायला किती लागतो हा वेगळा हिशेब आहे. केस, कातडी, कवटी, कवटीखालचं पाणी हे सगळं ओलांडून मेंदूच्या वरच्या थरापर्यंत जे पोचतं ते शंभरातले दोन-तीन वाटे किंवा त्याहून कमी, आणि पुढं प्रत्येक मिलिमीटरला अजून घटतं. केस तर बराच लाईट वरच्या वर खाऊन टाकतात. कपाळावर केस नसतात म्हणून बऱ्याच टोपीत पुढच्या बाजूला जास्त एलईडी असतात, पण हात-पाय हलवणारा मेंदूचा पट्टा कपाळामागं नाही, तो वर, टाळूच्या दोन्ही बाजूंनी कानाकडं उतरतो, बरोबर केसांच्या खाली. लकव्याच्या पेशंटचं दुखणं तिथं, किंवा त्याच्याही खाली खोल, अन् लाईट कपाळावर. हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण जे हे पत्र वाचतील त्या घरच्या लोकांसाठी लिहितोय.

आत गेल्यावर लाईट करतो काय, याचंही एक उत्तर आहे. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं एक प्रथिन आहे जे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करायच्या कामात असतं. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की हा लाईट त्या प्रथिनावर पडला की त्याला चिकटून बसलेलं नायट्रिक ऑक्साइड सुटतं, काम परत चालू होतं, एटीपी म्हणजे पेशीचं इंधन वाढतं, आजूबाजूच्या रक्तवाहिन्या थोड्या पसरतात. हे अजून पूर्ण पक्कं नाही, त्याच्यावर वाद चालू आहेत, पण काचेच्या ताटलीतल्या पेशींवर आणि उंदरांवर काहीतरी होतं हे खूप ठिकाणी दिसलंय. सुरुवात तर फारच जुनी, १९६७ च्या सुमाराला बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर यांनी भादरलेल्या उंदरांवर लेझर टाकला अन् त्यांचे केस लवकर उगवले, तिथून हे सगळं निघालं. आणि डोसचं गणित पण विचित्र आहे, कमी दिला तर काही होत नाही, मधला दिला तर फायदा दिसतो, जास्त दिला तर फायदा परत जातो. मग ज्या टोपीवर पॉवरच लिहिलेली नाही ती घालून माणूस नेमका कुठल्या डोसवर बसलाय? अन् उंदराची कवटी कागदासारखी पातळ, सगळा मेंदू सेंटिमीटरभर, आपल्या कवटीची जाडीच सहा-सात मिलिमीटर.

आता लकव्याचं. याच्यावर खरोखर मोठे ट्रायल झालेत आणि टोपी विकणारा एकही माणूस ते सांगत नाही. अमेरिकेतल्या एका कंपनीनं ८०८ नॅनोमीटरचा लेझर घेऊन नेस्ट नावाचे एकामागं एक तीन ट्रायल केले. लकवा मारल्यापासून २४ तासांच्या आत पेशंट घ्यायचा, डोकं भादरायचं, ठरलेल्या २० जागी प्रत्येकी दोन मिनिटं लेझर, आणि काही पेशंटला तेच सगळं पण लेझर बंद ठेवून. पहिला ट्रायल २००७ ला छापला, १२० पेशंट, खरा लेझर मिळालेल्यांपैकी ७० टक्के चांगले सुधारले आणि खोटा मिळालेल्यांपैकी ५१ टक्के. सगळ्यांना आनंद झाला. दुसरा २००९ ला, ६६० पेशंट, तिथं ३६ टक्क्यांच्या वर विरुद्ध जवळपास ३१ टक्के, फरक इतका बारीक की तो नशिबानं पण येऊ शकतो. मग तिसरा, १००० पेशंटचा ठरवलेला, सहाशेच्या वर पेशंट झाल्यावर मधली तपासणी केली तर दोन्ही गटांत फरकच नाही, पुढं नेण्यात अर्थ नाही म्हणून थांबवला. ती कंपनी बंद पडली.

पहिल्या ट्रायलवर थांबले असते तर आज प्रत्येक तालुक्यात हा लेझर बसला असता. लहान ट्रायलमध्ये जे सोन्यासारखं दिसतं ते मोठ्यात पितळ निघू शकतं, म्हणूनच तर मोठे ट्रायल करतात. आणि खोटा लेझर मिळालेल्यांतले ५१ टक्के पण सुधारले हा आकडा तर प्रत्येक घरात सांगायला पाहिजे. लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत, कमी-जास्त सहा महिन्यांपर्यंत, मेंदू स्वतःहून सावरत असतो, व्यायाम त्याला दिशा देतो. दुसऱ्या महिन्यात टोपी आणली अन् तिसऱ्या महिन्यात पाय उचलला तर श्रेय टोपीला, आधीच्या पिढीत ते कबुतराच्या रक्ताला मिळायचं, अमुक गावच्या मंगळवारच्या औषधाला मिळायचं. "आमच्याकडं फरक पडला" असं सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत. फरक पडलेलाच असतो, तो कशामुळं पडला एवढंच त्यांना कळायचा मार्ग नसतो.

बाकी आजारांचं पण असंच अर्धवट आहे. डिप्रेशनवर २०१८ मध्ये एक छोटा ट्रायल आला, २१ पेशंटचा, निकाल चांगला वाटला, त्याच लोकांनी नंतर त्याहून मोठा केला त्यात खोट्या लाईटपेक्षा फरक आला नाही. डोक्याला मार लागलेल्या पेशंटवर बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं ६८ लोकांवर केलं, २०२० ला छापलं, सुरक्षित आहे असं दिसलं, एमआरआयवर थोडे बदल दिसले, पण पेशंटच्या त्रासात ठाम म्हणावा असा फरक नव्हता. पार्किन्सनमध्ये मेंदूचा जो भाग मरतो तो इतका खोल आहे की फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून लाईटची बारीक तार थेट मेंदूच्या आत न्यायचा प्रयोग हाती घेतला, कारण बाहेरून तिथं पुरेसा लाईट पोचणार नाही हे त्यांना माहिती आहे. विसरण्याच्या आजारावरचे जे अभ्यास जाहिरातीत दाखवतात त्यातले काही पाच-आठ माणसांचे आहेत. आणि ऑटिझमच्या नावाखाली तर लहान लेकरांच्या डोक्यावर ही टोपी घालायलेत, त्याच्याबद्दल लिहिताना हात थरथरतो. इन्फ्रारेड डोळ्याला दिसत नाही म्हणजे पापणी मिटत नाही, बाहुली आवळत नाही, लेकरू त्या बल्बकडं एकटक बघत बसलं तर? आयांना कुणी सांगत नाही.

पण एक गोष्ट चांगली सिद्ध झालीय आणि ती आपल्या मराठवाड्याच्या फार कामाची आहे, म्हणून थोडं वाकडं जाऊन सांगतो. गुटखा-तंबाखूनं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडं किती आहेत हे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहिलं की कळतं. तोंडाला रेडिएशन दिलं की आतून सोलून निघतं, पाणी गिळता येत नाही, लोक अर्ध्यात उपचार सोडून गावाकडं येतात. तिथं याच घराण्यातला लाल अन् इन्फ्रारेड लाईट तोंडाच्या आत ठरलेल्या डोसनं दिला तर हे सोलणं कमी होतं, आणि कॅन्सरच्या आंतरराष्ट्रीय गाईडलाईननं तो वापरा असं स्पष्ट सांगितलंय. म्हणजे लाईटवर पैसे खर्च करायचेच असतील, सीएसआरवाला कुणी दानशूर भेटला असेल, तर आधी त्या वॉर्डासाठी मशीन घ्या. लाईटला माझा विरोध नाही हे यावरून समजून घ्या.

आता कायद्याचं थोडक्यात. १९५४ चा औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत पॅरालिसिस आहे, मेंदूचे आजार आहेत, आणि औषध म्हणजे नुसती गोळी नाही, शरीराच्या कामावर परिणाम करण्यासाठी असलेली कुठलीही वस्तू त्यात येते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. उपचारासाठी म्हणून विकलं तर २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स पण आहेत. त्या इंग्रजी बारीक ओळीचं कारण हेच असणार, कागदावर ते उपचाराचं मशीनच नाही. अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करायची ती आम्ही करू, तो या पत्राचा विषय नाही. धाड पडेल, दोन खोकी जप्त होतील, तिसऱ्या महिन्यात दुसऱ्या नावानं टोपी येईल. लोकांना उत्तर पाहिजे की हे चालतं का नाही, अन् ते उत्तर धाडीतून मिळत नाही.

म्हणून तुमच्याकडं आलोय.

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण कॉलेज, लातूरची विलासराव देशमुख संस्था, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ कॉलेज आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॉलेज, ही चार जुनी नावं, नव्या जिल्ह्यांची कॉलेजं वेगळी. चौघांकडं मिळून लकव्याचे पेशंट इतके येतात की परदेशातल्या एखाद्या सेंटरला हेवा वाटावा. एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थिसिस करावाच लागतो, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला द्यावाच लागतो, अन् एकट्याचा थिसिस लहान पडतो म्हणून त्यातून काही ठरत नाही. चार कॉलेजांतल्या पोरा-पोरींनी एकच प्रोटोकॉल घेतला, एकाच पद्धतीनं मोजलं, तर ते मिळून खरं उत्तर देईल. किती पेशंट लागतील ते तुमच्या पीएसएम (समाजवैद्यक) विभागातले आकडेवारीवाले काढून देतील.

हे ट्रायल प्रामाणिक करणं तसं सोपं पण आहे, कारण लाईट दिसत नाही. गोळीच्या ट्रायलमध्ये खोटी गोळी हुबेहूब बनवावी लागते, इथं दोन टोप्या सारख्या दिसणाऱ्या, एकीत इन्फ्रारेड चालू, दुसरीत बंद, पेशंटला कळणार नाही. फक्त ऊब तेवढी जपावी लागेल, खऱ्या टोपीत थोडं गरम लागतं त्यामुळं खोटीत पण तेवढीच ऊब ठेवायची. मोजणाऱ्या फिजिओला कुणाला कुठली टोपी होती हे माहीत नसलं पाहिजे. मोजायचं काय तर हाताचं फुगल-मायर (लकव्यानंतर हात किती हलतो याला गुण द्यायची चाचणी), दहा मीटर चालायला लागलेला वेळ, स्वतःच्या हातानं जेवण-अंघोळ होते का ते. दोन्ही गटांना व्यायाम सारखाच अन् पूर्ण. टोपीमुळं व्यायाम बुडाला असं ट्रायलमध्ये तरी होऊ नये.

लाईटची पॉवर आणि वेव्हलेंग्थ कंपनीच्या कागदावरून घेऊ नका, आपल्या दोन विद्यापीठांत फिजिक्सचे विभाग आहेत, त्यांच्याकडून मोजून घ्या, अन् मधून मधून परत मोजा, कारण एलईडी मरतात आणि कुणाला दिसत नाही, ते वर सांगितलंच. केसांचा विचार पण आधीच करावा लागेल. नेस्टवाल्यांनी सरळ डोकं भादरलं, आपल्याकडं पुरुषाचं चालून जाईल, पण बाईमाणसाचं डोकं भादरायचं म्हणलं तर घरात रडारड होईल, अन् ते योग्य पण नाही. भांग पाडून केसांच्या मधून टाळूला टेकणारे एलईडी असलेली टोपी लागेल. आपल्या लोकांची सावळी कातडी अन् काळे दाट केस लाईट जास्त खातात, त्यामुळं गोऱ्या माणसांवर ठरवलेला डोस इथं तसाच लागू होईल असं धरून चालता येणार नाही. हे काम इथंच करायला पाहिजे याचं हे पण एक कारण आहे.

आणि पैशाचं. आयसीएमआर म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शनात सरळ लिहिलंय की संशोधनासाठी होणारा खर्च भाग घेणाऱ्याकडून घ्यायचा नाही. तुमच्या एथिक्स कमिटीला हे पाठ आहे. पण गावात हे कुणाला माहीत नाही, अन् ते माहीत करून द्यायचं काम तुम्ही केलं तर अर्धी लढाई तिथंच जिंकली. एखाद्या उपचाराचा उपयोग अजून सिद्ध व्हायचा असेल तर तो फुकट असला पाहिजे, सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेला असला पाहिजे, अन् कागद मराठीत वाचून सही झालेली असली पाहिजे. कुणी पैसे मागितले की माणसानं तिथंच विचारावं, दादा, हे सिद्ध झालंय का प्रयोग आहे? वर एसटीचं येण्या-जाण्याचं भाडं पण ट्रायलच्या खर्चातून द्या, पेशंटसोबत घरचं एक माणूस येतं, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

पेशंट मिळतील का असं कुणी विचारेल. मी माझ्या काही पेशंटना विचारून बघितलं, समजावून सांगितलं की चिठ्ठी काढून ठरणार, खोटी टोपी पण येऊ शकते. अंबाजोगाईजवळचे एक बापू आहेत, रिटायर कंडक्टर, डावा हात अजून वर जात नाही. ते म्हणाले, "खोटी आली तरी चालंल, फुकट असंल तर मी येतो. पर काय निघालं ते मला येऊन सांगायचं. माझ्या आंगावर करायले तर निकाल मला कळाय पाहिजे." मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडं पेशंट सही करतो, थिसिस होतो, बाईंडिंग होऊन कपाटात जातो, अन् पेशंटला आयुष्यभर कळत नाही की त्याच्या अंगावर केलेल्या मोजमापातून काय निघालं. निकाल उलटा आला, काहीच फरक नाही असा आला, तरी तो छापा, आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला एक पानभर मराठीत पाठवा.

तुमचे वॉर्ड भरलेले आहेत, स्टाफ कमी आहे, रेसिडेंट पोरं झोपत नाहीत हे मला दिसतं, मी तुमच्याच वॉर्डात इंटर्नशिप केली आहे. ट्रायल उद्या सुरू होणार नाही. पण तोवर एक काम या आठवड्यात होण्यासारखं आहे. मेडिसिन ओपीडीच्या बाहेर अन् डिस्चार्ज कार्डाच्या मागं मोठ्या मराठी अक्षरात एवढं लिहा: तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं तर लगेच सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात या, गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, अन् त्याच्या आधी स्कॅन व्हावा लागतो. घरी गेल्यावर व्यायाम कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. लाईटच्या टोपीचा लकव्यावर उपयोग सिद्ध झालेला नाही, ती घ्यायच्या आधी या ओपीडीत येऊन विचारा. पेशंट आमचं ऐकताना म्हणतो, याचा धंदा बुडायला म्हणून बोलतंय, तुमच्या कॉलेजच्या शिक्क्याखाली तेच लिहिलेलं असलं की तो ऐकतो.

ट्रायल घ्यायचं ठरलं तर रविवारी मोजमाप करायला मी यायला तयार आहे, पैसे नकोत. माझ्यासोबतचे आणखी काही फिजिओ पण तयार आहेत, लातूर अन् अंबाजोगाई दोन्हीकडं येऊ. पेशंटची गावनिहाय यादी त्यांना विचारूनच देऊ. उत्तराची वाट बघतोय, नाही म्हणायचं असेल तर तसं कारणासकट कळवा, म्हणजे आम्हाला पुढं नाशिकला विद्यापीठाकडं जाता येईल.

आपला,
घरोघरी लकव्याच्या पेशंटचा व्यायाम घेणारा एक फिजिओथेरपिस्ट,
लातूर